माप मुलांच्याच हाती: ज्यू शाळांत स्वभाव कसा घडवतात

वल्हांडण सणाच्या रात्री ज्यू घरात पोरं भुकेजलेली असतात, पण पानं लगेच वाढली जात नाहीत. मधोमध बिनखमिराची भाकरी कापडाखाली झाकलेली असते, शेजारी कडू भाजी आणि मिठाचं पाणी. आधी घरातल्या सर्वांत धाकट्या मुलानं चार प्रश्न विचारायचे. आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का? एरवी आपण कुठलीही भाकरी खातो, आज ही चपटीच का? एरवी कुठलीही भाजी चालते, आज कडूच का? हे विचारून झालं की मग मोठी माणसं मिसर देशातल्या गुलामगिरीची आणि सुटकेची गोष्ट सांगायला लागतात. त्याआधी नाही.

ही रीत आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. कोकणातून आलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजानं ती इथे पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादेत, म्हणजे त्या रात्रीच्या पोथीत, हिब्रूशेजारी मराठी भाषांतर आहे. ते चार प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी मराठीत, पुण्याच्या छापखान्यात जुळवले गेले होते.

त्याच पोथीत चार मुलांचं वर्णन येतं. एक शहाणं, एक उर्मट, एक साधंभोळं आणि एक असं की ज्याला प्रश्न कसा विचारायचा हेच कळत नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायला सांगितलं आहे. चौथ्यासाठी सूचना अगदी थोडक्यात आहे: तू त्याला सुरुवात करून दे.

ज्यू शाळांत मुलांचा स्वभाव कसा घडवतात, त्यांना शाळेच्या कारभारात कसं ओढून घेतात, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या रात्रीपासून करावी असं मला वाटतं. आपल्याकडे ‘वळण लावणं’ हा शब्द आहे. त्यात लावणारा मोठा असतो आणि वळणारं मूल. इथे मात्र पहिला शब्द मुलाचा आहे, आणि तो मूल उच्चारेपर्यंत सगळं घर थांबून राहतं.

आधी, ज्यू शाळा म्हणजे काय?

एकाच साच्याची अशी शाळा नाही. दिवसभर धर्मग्रंथच शिकवणाऱ्या येशिवा आहेत. अर्धा दिवस तोरा, म्हणजे मूळ धर्मग्रंथ, आणि हिब्रू, अर्धा दिवस गणित-विज्ञान अशा ‘डे स्कूल’ अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आहेत. इस्रायलमध्ये सरकारी धार्मिक शाळा वेगळ्या आणि सरकारी सर्वसाधारण शाळा वेगळ्या. सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनाघराला, जोडलेले रविवारचे वर्गही असतात. मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली बेने इस्रायल मुलांसाठी इस्रायलाइट स्कूल काढलं. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. १९४८नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबं इस्रायलला गेली. आज त्या शाळेतली बहुतेक मुलं मुसलमान आहेत.

शाळा ही कल्पना मात्र या समाजात फार जुनी. तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात येहोशुआ बेन गमला नावाच्या पहिल्या शतकातल्या मुख्य पुरोहिताची आठवण जपली आहे. पूर्वी ज्याला बाप होता त्याला बाप शिकवायचा, ज्याला बाप नव्हता तो तसाच राहायचा. येहोशुआनं गावोगाव शिक्षक नेमायची रीत घातली आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्याकडे बसवलं. तालमुद पुढे हिशेबही सांगतो: एका शिक्षकामागे २५ मुलं. ४० झाली तर मदतनीस द्या. ५० झाली तर दोन शिक्षक नेमा.

हा आकडा मला नुसता कारभाराचा वाटत नाही. २५ मुलं असली की कोण गप्प बसतं, कोण दुसऱ्याच्या डब्यात हात घालतं, कोण हरल्यावर रडतं हे शिक्षकाला दिसतं. साठ मुलांच्या वर्गात धडा पुरा होतो, पण एकेका मुलाचा स्वभाव कुणाच्या नजरेला पडत नाही.

शिक्षणाला हिब्रूत ‘हिनुख’ म्हणतात. हनुक्का या सणाच्या नावाचा आणि याचा धातू एकच. एखादी वास्तू किंवा भांडं पहिल्यांदा कामाला लावणं, रुजू करणं, असा त्याचा अर्थ. म्हणजे मूल शिकतं ते कामाला लागून.

मिद्दा, म्हणजे माप

स्वभावगुणाला हिब्रूत ‘मिद्दा’ म्हणतात, अनेकवचन ‘मिद्दोत’. या शब्दाचा मूळ अर्थ माप. लांबी-रुंदीचं असतं तसं.

यातच अर्धी शिकवण येऊन जाते. राग हा काही मुळात वाईट नाही, तो किती आहे हा प्रश्न. लाजणं चांगलं की वाईट असं विचारून उपयोग नाही. कुठे, कुणापुढे, किती, असं विचारावं. बाराव्या शतकातला विचारवंत आणि वैद्य मायमोनिडीस यानं हे नीट मांडून ठेवलं. बहुतेक गुणांत दोन टोकं टाळून मधली वाट धरावी, आणि एका टोकाला वाकलेल्या माणसानं काही काळ मुद्दाम दुसऱ्या टोकाकडे झुकावं, असं तो म्हणतो. वाकलेली काठी सरळ करताना आपण तेच करतो. त्यामुळे चांगल्या ज्यू शाळेत मुलाला ‘तू चिडका आहेस’ असा शिक्का मारत नाहीत. आज तुझा राग किती झाला आणि किती पुरला असता, हे विचारतात. आणि ते माप घ्यायचं मुलानं.

पण माप कळलं म्हणून स्वभाव बदलत नाही. तो कसा बदलतो याबद्दल मायमोनिडीसनं दिलेलं उदाहरण मला आजवर वाचलेल्या सगळ्या शिक्षणशास्त्रापेक्षा उपयोगी वाटतं. समजा तुमच्याकडे हजार नाणी आहेत. ती सगळी एकाच गरजूला एकदम दिलीत, तर त्याचं भलं होईल, पण तुमचा हात मोकळा होईलच असं नाही. तेच एकेक नाणं हजार वेळा द्या. हजार वेळा मूठ उघडावी लागेल, हजार वेळा मनातली चिक्कू आवाजाची कुरकुर ऐकून ती मोडावी लागेल. उदारपणा या दुसऱ्या माणसात मुरतो.

म्हणून शुक्रवारी सकाळी, शब्बाथ हा आठवड्याच्या विसाव्याचा दिवस लागायच्या आधी, वर्गात डबा फिरतो. पूर्व युरोपातून आलेली मंडळी त्याला ‘पुष्के’ म्हणतात. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा, वर फट असलेला. बालवाडीतलं मूल त्यात एक नाणं टाकतं, घरून मुठीत घट्ट धरून आणलेलं, घामेजलेलं. नाणं किती मोठं हे कुणी बघत नाही. दर शुक्रवारी ते पडलं पाहिजे.

या देण्याला ‘त्सेदाका’ म्हणतात. मराठीत सहज ‘दानधर्म’ म्हणावंसं वाटतं, पण शब्द निघाला आहे ‘त्सेदेक’वरून, म्हणजे न्याय. देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याचं त्याला पोचवतो. हा फरक सहा वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगून कळणार नाही. बारा वर्षांच्या मुलाला तो कळवायचा एक चांगला मार्ग आहे: जमलेले पैसे कुठे द्यायचे ते वर्गानं ठरवायचं.

सातवीचा असा एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. वर्षभराचा डबा फळ्यासमोर टेबलावर रिकामा केला आहे. एकीला वाटतं, जवळच्या वृद्धाश्रमाला द्यावेत. दुसरा म्हणतो, दूर कुठेतरी भूकंप झालाय, तिथे गरज जास्त. तिसरा विचारतो, जवळचा आधी की जास्त गरजेचा आधी? शिक्षक तेव्हा मायमोनिडीसनं सांगितलेल्या देण्याच्या आठ पायऱ्या फळ्यावर लिहितात. तळाशी नाखुशीनं देणं. वरून दुसऱ्या पायरीवर, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही असं देणं. सर्वांत वर, त्या माणसाला पुन्हा हात पसरावा लागू नये म्हणून काम, भांडवल किंवा भागीदारी देणं. मग मुलं पुन्हा भांडतात, पण आता भांडण वरच्या पायरीला गेलेलं असतं. शेवटी हात वर करून मतं घेतात. इथे शिक्षकानं आपल्या आवडीच्या संस्थेचं नाव आधीच ठरवून ठेवलेलं असेल, तर मुलांना ते पाच मिनिटांत कळतं, आणि पुढच्या शुक्रवारपासून नाण्यांचा आवाज कमी होतो.

वही आणि लगाम

एकोणिसाव्या शतकात लिथुआनियात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, इस्राएल सलांतर (१८१०–१८८३) यांनी ‘मुसार’ नावाची चळवळ उभी केली. त्यांचं दुखणं असं होतं की विद्वत्तेला कमी नाही, पण पोथी पाठ असलेला माणूस बाजारात वजनात मारतो. मग विद्येचा काय उपयोग? त्यांनी स्वभावाच्या अभ्यासाला रोजचा वेळ द्यायला सांगितलं. १८०८ साली मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी लिहिलेलं एक पुस्तक या मंडळींनी पुन्हा वापरात आणलं. त्यात तेरा गुण आहेत. आठवड्याला एक गुण घ्यायचा, रोज रात्री वहीत आपल्या चुकांच्या खुणा करायच्या, तेरा आठवडे झाले की पुन्हा पहिल्यापासून. वर्षाला चार फेऱ्या होतात. ही वहीची युक्ती लेफिननं अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनकडून घेतली होती. चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी.

आजच्या शाळांत हीच वही सौम्य रूपात भेटते. मला ती मोठ्या मुलांसाठी पटते, लहानांसाठी नाही. आठ वर्षांच्या मुलाला रोज स्वतःच्या चुका मोजायला लावल्या तर ते चुकांऐवजी स्वतःलाच नको म्हणायला लागतं.

मुलांनीच उचलून धरलेला एक प्रकार मात्र सांगण्यासारखा आहे. पाठीमागे कुणाबद्दल वाईट बोलणं, म्हणजे ‘लाशोन हारा’, हे ज्यू परंपरेत मोठं पाप. रब्बी इस्राएल मेइर कागान (१८३८–१९३३) यांनी या एका विषयावर १८७३ साली अख्खं पुस्तक लिहिलं. आता मुलींच्या शाळांत ‘तोंडाला लगाम’ अशा अर्थाचे गट असतात. प्रत्येक मुलगी दिवसातला ठरावीक वेळ वाटून घेते: दुपारी बारा ते एक मी, एक ते दोन ती. आपल्या वेळात कुणाबद्दल कुचाळकी करायची नाही, ऐकायची नाही. आयुष्यभर चहाडी करणार नाही ही शपथ दुसऱ्याच दिवशी मोडते. एक तास मात्र पाळता येतो, आणि मधल्या सुट्टीतला असला तर त्या एका तासात जीभ किती वेळा चावावी लागते ते चांगलंच कळतं.

एक पुस्तक, दोन डोकी

ज्यू पाठशाळेत पहिल्यांदा गेलेला माणूस दारात थबकतो तो आवाजामुळे. वाचनालयात शांतता हवी हे आपलं गृहीत. इथे शंभर जणं एकाच वेळी मोठ्यानं बोलत असतात, हातवारे करतात, टेबलावर थाप मारतात. जोड्या जोड्यांनी अभ्यास चाललेला असतो. याला ‘हेव्रुता’ म्हणतात. ‘हावेर’ म्हणजे मित्र, त्यावरून. दोघांमध्ये एक मजकूर. एकानं मोठ्यानं वाचायचा, अर्थ सांगायचा. दुसऱ्यानं अडवायचं.

लहान वर्गात या अभ्यासाची सुरुवात पुष्कळदा हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंच्या कायद्यानं करतात. मिश्ना, म्हणजे तालमुदाचा मूळ कायदेग्रंथ, सांगते: रस्त्यात विखुरलेली नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची. पण थैलीत नाणी सापडली तर दवंडी द्यावी लागते. आणि तीन नाणी एकावर एक रचलेली सापडली, तरीही दवंडी.

आता दहा-अकरा वर्षांची दोन मुलं यावर बसली आहेत. एक विचारतो, विखुरलेली असली तर का ठेवायची? ती पण कुणाची तरी आहेतच ना? दुसरा म्हणतो, पण मालक ती ओळखणार कशी, नाण्यावर नाव नसतं. म्हणून त्यानं आशा सोडली असेल. पहिला म्हणतो, आणि सोडली नसेल तर? मग ती तीन रचलेली नाणी येतात. ती पडली नाहीत, कुणीतरी ठेवली आहेत. रचणं हीच त्याची खूण. इथे दोघंही क्षणभर गप्प होतात, कारण काल वर्गात बाकाखाली सापडलेलं चांगलं पेन एकाच्या दप्तरात असतं, आणि त्याच्या टोपणावर दातांच्या खुणा असतात.

प्रामाणिकपणावर भाषण न देता प्रामाणिकपणा शिकवणं म्हणजे हे. मुलानं स्वतःच्या तोंडानं युक्तिवाद केला, स्वतःच त्यात अडकलं. आता पेन परत द्यायला कुणी सांगावं लागत नाही, आणि सांगितलं नाही म्हणून तर ते दिलं जातं.

हेव्रुतेत समोरच्याचं ऐकावंच लागतं, नाहीतर खोडता कसं येणार? तालमुदमध्ये रब्बी योहानान आणि रेश लाकिश यांची गोष्ट आहे. दोघं आयुष्यभराचे अभ्याससोबती. रेश लाकिश वारल्यावर योहानान खचला. लोकांनी त्याच्या सोबतीला दुसरा विद्वान पाठवला. योहानाननं काही मांडलं की हा म्हणायचा, तुमच्या म्हणण्याला आधार देणारं वचन आहे. योहानान वैतागला. माझा रेश लाकिश माझ्या एकेका विधानावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय मोकळा व्हायचा. मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का, असं तो म्हणाला. मग कपडे फाडून रडत, मित्राचं नाव घेत तो हिंडत राहिला. हो ला हो करणारा माणूस त्याच्या दुःखाला पुरला नाही. वर्गात मुलांना मी कुठली एकच गोष्ट सांगायची असं कुणी विचारलं तर मी ही सांगेन.

वादाची मर्यादाही शिकवतात. हिलेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या घराण्यांचे वाद तालमुदभर पसरलेले आहेत. दोन्ही बाजू देवाचेच शब्द बोलतात, असा निवाडा येतो. तरी आचरणात हिलेलच्या घराण्याचं मत धरलं गेलं. का? तर ती मंडळी नम्र होती आणि आपलं मत सांगण्याआधी विरोधकांचं मत सांगायची. वादस्पर्धेत हा नियम लावून बघा: समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं मांडल्याशिवाय आपलं बोलायला सुरुवात करायची नाही. अर्ध्या मुलांना लक्षात येतं की आपण ऐकलंच नव्हतं.

‘पिर्के आवोत’ या नीतिवचनांच्या संग्रहात हिलेलचं एक वाक्य आहे: लाजणारा शिकत नाही आणि तापट माणूस शिकवू शकत नाही. दोन्ही अर्ध एकत्र वाचली पाहिजेत. मूल गप्प आहे याचं कारण पुष्कळदा समोरच्या खुर्चीत बसलेलं असतं.

तेरावं वर्ष

मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची झाली की धर्माच्या दृष्टीनं स्वतःच्या कृत्यांना स्वतः जबाबदार. या टप्प्याला मुलाच्या बाबतीत बार मित्स्वा आणि मुलीच्या बाबतीत बात मित्स्वा म्हणतात. मुलगा सगळ्या समाजापुढे तोराच्या गुंडाळीतून वाचतो आणि त्या आठवड्याच्या भागावर आपलं भाष्य करतो. तेरा वर्षांचं पोर, आवाज फुटत असलेला, आणि समोर आजोबांच्या वयाची माणसं ऐकत बसलेली. त्याचा अर्थ चुकला तर नंतर कुणीतरी त्याच्याशी वाद घालतं, आणि तोही एक मानच असतो. पुष्कळ शाळांत या वर्षी मुलानं स्वतः निवडलेलं सेवेचं काम करायचं असतं.

मुलींना हा मान उशिरा मिळाला. क्राकोव्हमध्ये शिवणकाम करणाऱ्या सारा शेनिरर यांनी १९१७ साली मुलींसाठी बेस याकोव्ह शाळा सुरू केली. न्यूयॉर्कमध्ये मार्च १९२२मध्ये जुडिथ कॅप्लन या मुलीनं सिनेगॉगमध्ये तोरामधला भाग वाचला. अमेरिकेतली ती पहिली बात मित्स्वा मानली जाते. बहुतेक सनातनी सिनेगॉगमध्ये मुली आजही गुंडाळीतून वाचत नाहीत. अर्ध्या मुलांना बाजूला बसवून सहभागाच्या गप्पा मारता येत नाहीत, हे इथे स्पष्ट म्हणायला हवं.

चुकतं कुठे

महिन्याचा एक गुण ठरवायचा, त्याचं चित्र भिंतीवर लावायचं, तसं वागणाऱ्याला चांदणी द्यायची, हे ज्यू शाळांतही सर्रास चालतं. बालवाड्यांत आई-वडील घरून चिठ्ठी पाठवतात: काल हिनं धाकट्या भावाला खेळणं दिलं. बाई ती वर्गात वाचतात. पहिल्या महिन्यात फार गोड वाटतं. तिसऱ्या महिन्यात मूल आईला म्हणतं, मी पाणी आणून दिलं, चिठ्ठी लिही. आणि ज्या घरात रात्रपाळी करून आलेल्या आईला चिठ्ठी लिहायला वेळ नाही, त्या घरचं मूल रोज रिकाम्या हातानं येतं. दयाळूपणाच्या तासाला असं मूल एका कोपऱ्यात पडतं, हे पाहून पोटात कालवतं. चिठ्ठी वाईट नाही. ती मुलानं दुसऱ्या मुलाबद्दल लिहावी, एवढा बदल केला तरी पुष्कळ सुधारतं, कारण मग सगळ्यांचे डोळे दुसऱ्याकडे वळतात.

विद्यार्थी मंडळाचंही तसंच. निवडणूक होते, बिल्ले मिळतात, आणि वर्षभरात मंडळ ठरवतं काय, तर स्नेहसंमेलनाच्या पताकांचा रंग. मुलांना खोटा अधिकार लगेच ओळखू येतो.

वॉर्साचं न्यायालय

खरा अधिकार दिला तर काय होतं, हे यानुश कोर्चाक यांनी करून दाखवलं. मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट, वॉर्सातले बालरोगतज्ज्ञ. १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या इमारतीत ज्यू अनाथ मुलांचं घर उभं राहिलं आणि स्तेफानिया विल्चिन्स्का यांच्यासोबत त्यांनी ते चालवलं. ही शाळा नव्हे. मुलं शिकायला बाहेर जात. पण आज कुठल्याही शाळेत मुलांच्या सहभागाची गोष्ट निघाली की मूळ इथे सापडतं.

शंभरेक मुलं. झाडणं, पुसणं, भाज्या चिरणं, लहानांना अंघोळ घालणं, सगळी कामं मुलांत वाटलेली. कोर्चाक यांनी एक बारीक गोष्ट केली. जिन्याखालच्या खोपटात दडवलेले झाडू आणि फडकी त्यांनी बाहेर काढली आणि झोपायच्या दालनाच्या मुख्य दाराशी, मानाच्या जागी ठेवली. श्रमप्रतिष्ठेवर कितीही निबंध लिहून घ्या, झाडू कुठे उभा केला आहे यावरून मूल खरं काय ते ओळखतं.

भिंतीवर सूचनाफलक होता. ज्यांना वाचता येत नव्हतं तीही मुलं त्यापुढे उभी राहून ओळखीची अक्षरं शोधत. आभाराच्या आणि माफीच्या याद्या लागत. मुलं डॉक्टरांशी पैज लावत: गेल्या आठवड्यात इतक्या मारामाऱ्या केल्या, या आठवड्यात एवढ्याच करीन. पूर्ण बंद करीन अशी पैज नाही, एकानं कमी. जिंकलं तर गोळ्या. मापाची कल्पना इथे पुन्हा दिसते. १९२६पासून एका ज्यू दैनिकासोबत मुलांनीच लिहिलेली साप्ताहिक पुरवणी निघू लागली, ती १९३९च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे युद्ध सुरू होईपर्यंत निघत राहिली.

आणि न्यायालय. कोणत्याही मुलानं कुणावरही फिर्याद करावी. न्यायाधीश पाच, तेही मुलंच. त्या आठवड्यात ज्यांच्यावर फिर्याद नाही त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. कायद्याची कलमं १ ते १०००, मध्ये मोठमोठी रिकामी अंतरं. पहिली ९९पर्यंतची कलमं सोडून देण्याची किंवा क्षमेची: त्याला माहीत नव्हतं म्हणून, त्याला पस्तावा झालाय म्हणून, पुन्हा करणार नाही म्हणतो म्हणून. १००व्या कलमात पहिल्यांदा येतं की न्यायालय क्षमा करत नाही, त्यानं हे केलं आहे. पुढे एकेक शंभरानं कडक होत जाऊन १०००व्या कलमात घरातून काढून टाकणं. बहुतेक खटले पहिल्या शंभराच्या आतच मिटत. शिक्षेची भीती घालण्यासाठी हे न्यायालय नव्हतंच. धाकट्याचं फाटलेलं पुस्तक, कुणीतरी ठेवलेलं टोपणनाव, या गोष्टींना मोठे लोक ‘हॅ, त्यात काय’ म्हणतात. इथे त्या लिहून घेतल्या जात, साक्षी होत, निकाल वाचला जाई. आपलं दुखणं कुणीतरी कागदावर मांडतंय, हे पाहिलेल्या मुलाला दुसऱ्याचं दुखणं कळायला लागतं.

१९४०मध्ये हे घर घेटोच्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या, भिंतीआड हलवावं लागलं. तिथेही न्यायालय आणि कामांच्या पाळ्या चालू होत्या. १८ जुलै १९४२ रोजी तिथल्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ सादर केलं, खिडकीपाशी बसून राहिलेल्या आजारी अमलचं नाटक. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, स्तेफानिया, इतर शिक्षक आणि सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंकाच्या छावणीत नेऊन मारण्यात आलं. स्वतःला वाचवायची संधी कोर्चाक यांनी नाकारली होती.

आज जगभरच्या पुष्कळ शाळांत मुलांचं न्यायालय, मध्यस्थी मंडळ, वर्षारंभी वर्गानं मिळून लिहिलेला करार असे प्रकार आहेत. ज्यू शाळांत त्या कराराला ‘ब्रीत’ म्हणतात, देवाशी केलेल्या कराराचाच शब्द. पण नक्कल करताना एक कलम बहुतेक ठिकाणी सुटतं. कोर्चाक यांच्या न्यायालयात मोठ्यांवरही फिर्याद होत असे. सहा महिन्यांत ते स्वतः पाच वेळा न्यायालयापुढे उभे राहिले. एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून. एकाला झोपायच्या दालनातून बाहेर काढलं म्हणून. एकाला कोपऱ्यात उभं केलं म्हणून. एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून. आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. या खटल्यांनी आपल्याला नव्या प्रकारचा शिक्षक केलं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे: मुलांवर आपण अन्याय करत नाही ते त्यांच्यावर माया आहे म्हणून नव्हे, तर शिक्षकाच्या लहरीपासून त्यांना वाचवणारी एक संस्था तिथे आहे म्हणून.